पॅच लावू का गं?

दंडावर चिकटवलेला तो फिक्या रंगाचा चौकोन तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिला असणार. बाहेरच्या देशात शिकायला गेलेली कुणीतरी कॅमेऱ्यात बघून सांगत असते, 'आठवड्यातून एकदा चिकटवायचा, बास! रोज गोळी लक्षात ठेवायची कटकटच नाही.' मग ते रील कॉलेजच्या ग्रुपवर फिरतं. ग्रुपवर सगळ्या हसतात आणि रात्री अकरानंतर एखादी पर्सनलवर विचारते, 'हे आपल्याकडे मिळतं का गं?'

गेल्या महिन्यात हा प्रश्न मला तिघींनी विचारला. मास कॉमला असलेल्या मुलीला सगळं माहीत असतं, असा आमच्या देवगडात एक गोड समज आहे. म्हणून बाजारपेठेतल्या एका मेडिकलमध्ये जाऊन सरळ विचारलं, 'पॅच आहे का?' काउंटरवरचे काका म्हणाले, 'कंबर दुखता काय गो?' आणि त्यांनी वेदना कमी करणारी पट्टी पुढे केली. मी 'गर्भनिरोधक पॅच' असं पूर्ण म्हटल्यावर दुकानातली इतर गिऱ्हाइकं एकदम औषधांची कपाटं निरखायला लागली. काकांनी मात्र नीट उत्तर दिलं, 'ता आमच्याकडे नाय येणा.'

म्हणजे प्रश्न तिथेच संपला? नाही. कारण पॅच मिळतो की नाही यापेक्षा मोठा प्रश्न त्या तिघींना पडलेला होता, फक्त तो कसा विचारायचा हे त्यांना कळत नव्हतं. आपल्या शरीराला काय चालेल आणि काय नाही, हा तो प्रश्न. पॅच समजून घेतलात तर त्याचं उत्तर बरंचसं मिळतं. म्हणून आज पॅचबद्दलच बोलू.

ही पट्टी नाही, औषध आहे

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. पॅच म्हणजे गर्भनिरोधक गोळीच, फक्त ती तोंडाऐवजी कातडीतून आत जाते. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २००१ मध्ये 'ऑर्थो एव्हरा' नावाच्या पहिल्या पॅचला परवानगी दिली. आकार वीस चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण काडेपेटीएवढा. त्यात दोन हार्मोन असतात. एक इस्ट्रोजेन गटातलं एथिनिल इस्ट्राडिऑल आणि दुसरं प्रोजेस्टिन गटातलं नॉरेलजेस्ट्रोमिन. दोन्ही थोडी थोडी झिरपत कातडीतून रक्तात जातात. मेंदूला वाटतं, शरीरात हार्मोन पुरेशी आहेत, त्यामुळे बीजकोशातून बीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव दाट होतो आणि शुक्राणूंना पुढे जाणं अवघड होतं.

आठवड्याला एक, असे सलग तीन आठवडे तीन पॅच लावायचे. चौथा आठवडा मोकळा. त्या आठवड्यात रक्तस्राव होतो. ती नेहमीसारखी पाळी नसते, हार्मोन थांबल्यामुळे आलेला स्राव असतो. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या 'माला-एन'च्या पाकिटाचं गणितही हेच आहे. त्यातल्या २८ गोळ्यांपैकी २१ मध्ये हार्मोन असतात आणि उरलेल्या सात लोहाच्या असतात. त्या सात गोळ्यांचे दिवस म्हणजेच पॅचचा मोकळा आठवडा.

फायदा खरा आहे, तोही सांगायला हवा. २००१ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात पॅच आणि गोळी यांची तुलना करणारा अभ्यास आला होता. पॅच वापरणाऱ्यांनी सुमारे ८८ टक्के चक्रांमध्ये एकही चूक न करता वापर केला, गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ७८ टक्के होतं. सबमिशन, प्रॅक्टिकल आणि सकाळची सहाची एसटी या धबडग्यात रोज एकाच वेळी गोळी घेणं किती जमतं, हे मी सांगायला नको. उलटी-जुलाब झाले तरी पॅचवर परिणाम होत नाही, कारण औषध पोटातून जातच नाही.

नियमाप्रमाणे वापरला तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. पण माणसं विसरतात. नेहमीचा, थोडा विसरभोळा वापर धरला तर वर्षाला शंभरात सात जणींना दिवस जातात. गोळीचा आकडाही सातच आहे. रीलमध्ये हा दुसरा आकडा कधी येत नाही.

भरती-ओहोटी

आता थोडं किचकट, पण आपण समुद्राकाठची माणसं आहोत, चटकन कळेल. गोळी घेतली की रक्तातलं इस्ट्रोजेन भरतीसारखं वर चढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीपर्यंत ओसरतं. पॅचमध्ये अशी भरती-ओहोटी नसते, पाणी दिवसरात्र जवळपास एका पातळीवर राहतं. त्याची सर्वांत उंच पातळी गोळीच्या भरतीपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमीच असते. पण ते ओसरत नाही, त्यामुळे दिवसभराचा हिशेब केला तर ३५ मायक्रोग्रॅमच्या गोळीपेक्षा पॅचमधून शरीराला मिळणारं इस्ट्रोजेन सुमारे ६० टक्क्यांनी जास्त भरतं.

हे पॅच बाजारात आल्यावर चार वर्षांनी ठळकपणे पुढे आलं. नोव्हेंबर २००५ मध्ये एफडीएने कंपनीला पॅचच्या माहितीपत्रकावर तसा इशारा छापायला लावला. 'गोळी पोटात जाते म्हणून कडक, पट्टी वरवरची म्हणून सौम्य' असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाक्य परत वाचा. आपल्या घरांतही तीच समजूत असते ना? मलम, लेप, पट्टी म्हणजे निरुपद्रवी आणि गोळी, इंजेक्शन म्हणजे 'डोस'. इथे गोष्ट उलटी आहे.

जास्त इस्ट्रोजेनची भीती कशासाठी? रक्ताच्या गुठळीसाठी. पायाच्या खोल शिरेत गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. आता आकडे बघा, म्हणजे घाबरायचं किती ते ठरवता येईल. गर्भनिरोधक न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांमध्ये वर्षभरात एक ते पाच जणींना अशी गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांमध्ये तीन ते नऊ जणींना. युरोपातल्या औषध नियामकांनी पॅचसाठी दिलेला आकडा आहे सहा ते बारा. आणि गरोदरपणात? पाच ते वीस. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर हा धोका चाळीस ते पासष्टपर्यंत चढतो.

म्हणजे पॅचचा धोका खरा आहे, पण तो लहान आहे. मात्र हा 'लहान' शब्द सगळ्यांना सारखा लागू होत नाही. काही जणींसाठी तो मोठा होतो, आणि तुम्ही त्यांच्यातल्या आहात का हेच तर शोधायचं असतं.

आधी स्वतःला विचारायचं

तुम्हाला अर्धशिशी आहे का? असेल तर डोकं दुखायला लागण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा येतात का, नजरेतला एखादा तुकडा नाहीसा झाल्यासारखा वाटतो का, हाताला किंवा ओठांना मुंग्या येतात का? याला 'ऑरा' म्हणतात. ऑरा असलेली अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन असलेलं कुठलंही गर्भनिरोधक नको, मग ती गोळी असो की पॅच. त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. आपल्याकडे 'उन्हाने डोकं उठलं' म्हणून रुमाल बांधून झोपणाऱ्या किती मुलींना हे कधी कुणी विचारलं असेल?

ब्लड प्रेशर वाढलेलं आहे का? तुम्हाला स्वतःला किंवा आई, मावशी, बहिणीला कमी वयात पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? काविळीचा किंवा यकृताचा आजार चालू आहे का? बाळ अगदी तान्हं आहे का? (कॉलेजचं पान आहे म्हणून हा प्रश्न गाळू नये, लग्न होऊन एफवायला परत आलेल्या मुली आपल्या वर्गात आहेत.) सिगारेट ओढता का? वय ३५ च्या पुढे आणि सिगारेट ही जोडी तर सरळ बाद. मशेरी लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवून फायदा नाही. वजनाचंही आहे. ९० किलोच्या वर पॅचचा परिणाम कमी होतो, आणि बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त असेल तर आताच्या पॅचच्या माहितीपत्रकात 'वापरू नका' असंच लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट चालू असलेल्या औषधांची. टीबीसाठी दिलं जाणारं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटोइन, कार्बामाझेपिनसारखी काही औषधं यांच्यामुळे यकृत ही हार्मोन भराभर मोडून टाकतं. मग दंडावर पॅच असूनही दिवस जाऊ शकतात. 'अँटिबायोटिक घेतलं की गोळी फेल' असं जे सरसकट बोललं जातं ते तसं नाही. सर्दी-खोकल्याच्या नेहमीच्या अँटिबायोटिकने हे होत नाही, रिफाम्पिसिनने होतं. आपल्या देशात टीबी किती आहे हे लक्षात घेतलं तर हा मुद्दा तळटीप म्हणून सोडण्यासारखा नाही.

आणि आता सुटकेचा निःश्वास टाकण्यासारखी बातमी. खूप मुली डॉक्टरकडे जात नाहीत, कारण 'आतून तपासतील' ही भीती असते. गोळी किंवा पॅच सुरू करायला आतून तपासणी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरजेचं आहे ते तुमचं म्हणणं नीट ऐकून घेणं आणि ब्लड प्रेशर मोजणं. दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघायचा, एवढंच.

सुरू केल्यावर एक पाय अचानक दुखून सुजला, छातीत दुखलं, धाप लागली, कधी नव्हे एवढं डोकं दुखलं, दिसायला कमी झालं, यातलं काहीही झालं तर पॅच काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'उद्या बघू' नको. आणि डॉक्टरांना हार्मोन घेतेय हे सांगा, शेजारी आई उभी असली तरी. आईसमोर बोलणं अशक्यच असेल तर त्यांना बाहेर थांबायला सांगा, अशी विनंती डॉक्टरला करता येते. देवगडहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्यांनी जेवणाच्या थांब्यावर खाली उतरून चालावं. एका जागी तासन्तास बसणंही गुठळीला निमंत्रण देतं.

बाकी त्रास किरकोळ वाटतील, पण सहन करणाऱ्याला ते किरकोळ नसतात. पहिले दोन महिने छाती दुखणं गोळीपेक्षा पॅचमध्ये जास्त दिसतं. मळमळ, डोकेदुखी, मधेच डाग लागणं हेही होतं. त्या २००१ च्या अभ्यासात दर पाचातल्या एकीला पॅचच्या जागी खाज किंवा लाली आली होती. 'पुढे मूल होणार नाही' ही भीती मात्र सोडून द्या. बंद केल्यावर बीज पुन्हा तयार व्हायला लागतं. कॅन्सरचं चित्र मिश्र आहे. अशा हार्मोनच्या गोळ्यांमुळे बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या आतल्या आवरणाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, आणि घेत असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, जो बंद केल्यावर हळूहळू उतरतो.

मे महिना, घाम आणि खोबरेल

आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला बसलेल्या कुणालाही विचारा, दुपारी अंगाला काय चिकटून राहतं? मलाही पहिली शंका हीच आली. पण चाचण्यांमध्ये वापरलेल्या सत्तर हजारांहून जास्त पॅचपैकी सुमारे १.८ टक्के पूर्ण निघाले आणि २.९ टक्के कडेने सुटले. म्हणजे अंघोळ, पोहणं, घाम यांत बहुतेक टिकतात. पॅचचा खरा शत्रू तेल. खोबरेल, बॉडी लोशन, पावडर लावलेल्या कातडीवर तो बसतच नाही. जागा कोरडी, स्वच्छ हवी. पोट, ढुंगण, दंडाची बाहेरची बाजू किंवा पाठीचा वरचा भाग चालतो. छातीवर कधीच नाही. दर आठवड्याला जागा थोडी बदलायची आणि रोज एकदा बोटाने कडा चाचपायच्या.

सुटला तर? चोवीस तास झाले नसतील तर तोच परत दाबून बसवा, नाही बसला तर नवा लावा. सेलोटेप किंवा बँडेडने वरून बांधू नका. चोवीस तास उलटून गेले असतील किंवा कधी सुटला हेच आठवत नसेल तर नव्या चक्राची सुरुवात समजून नवा पॅच लावा आणि सात दिवस कंडोम वापरा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातला बदल दोन दिवसांपर्यंत लांबला तर चालतं, आठवलं की बदलायचा. मोकळ्या आठवड्यानंतरचा पहिला पॅच मात्र वेळेवरच हवा. तिथे उशीर म्हणजे बीज सुटायला मोकळीक, त्यामुळे पुन्हा सात दिवस कंडोम. पहिल्यांदा सुरू करताना पाळीच्या पहिल्या दिवशी लावला तर संरक्षण लगेच मिळतं, नंतर लावला तर हाच सात दिवसांचा नियम. वार लक्षात ठेवायला आपल्याकडे सोपं आहे, गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी, पॅच बदलायचा त्या दिवशी.

वापरून झालेल्या पॅचमध्येही हार्मोन उरलेली असतात. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि कचऱ्यात टाकायचा, संडासात नाही.

मग आपल्याला काय मिळतं?

सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमाच्या यादीत पॅच नाही. ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंच्या पिशवीत तो मिळणार नाही. साहजिकच 'ऑनलाइन मागवते' हा पुढचा विचार येतो. इथे थांबा. फेब्रुवारी २००४ मध्ये एफडीए आणि पॅच बनवणारी कंपनी यांनी मिळून लोकांना सावध केलं होतं, की एका वेबसाइटवरून नकली गर्भनिरोधक पॅच विकले जात आहेत. त्यांत औषधच नव्हतं. नुसता चिकट कागद. आणि ती वेबसाइट चालवणारी कंपनी नवी दिल्लीची असल्याचं सांगितलं गेलं होतं. डोकेदुखीची नकली गोळी घेतली तर डोकं दुखत राहतं आणि कळतं तरी. नकली पॅच कळतो तो पाळी चुकल्यावर.

सरकारी यादीत जे आहे ते कमी नाही, पण ते कॉलेजपर्यंत पोचत नाही. माला-एन आहे. कॉपर-टी आहे, नेहमीच्या वापरातही वर्षाला शंभरात एकीपेक्षा कमी जणींना दिवस जातात आणि त्यात हार्मोन अजिबात नसतं. 'अंतरा' हे इंजेक्शन २०१७ पासून आहे, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. त्यात इस्ट्रोजेन नाही, म्हणून ज्यांना पॅच चालत नाही अशा बऱ्याच जणींना ते चालू शकतं. मात्र पाळी अनियमित होते आणि बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. त्वचेखाली बसवायचा इम्प्लांट सध्या काही राज्यांतल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झालाय.

आणि 'आठवड्यातून एकदा' हेच ज्यांना आवडलंय त्यांच्यासाठी 'छाया'. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी १९९१ मध्ये 'सहेली' नावाने बाजारात आली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. ती हार्मोनची गोळी नाही, इस्ट्रोजेन नाही, मळमळ नाही. पाळी लांबते एवढं खरं. पण पीसीओडी असलेल्यांनी ती घेऊ नये असं तिच्या माहितीपत्रकातच आहे, आणि आपल्या वर्गात पीसीओडीचं निदान झालेल्या किती जणी आहेत ते मोजा. पीसीओडीसाठी डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या म्हणून घरात लपवून घेणाऱ्या मुलीही मला माहीत आहेत. आईला पाकीट सापडलं की आधी आरडाओरडा आणि मग डॉक्टरांची चिठ्ठी.

यातलं काहीही, पॅचसकट, गुप्तरोगांपासून आणि एचआयव्हीपासून वाचवत नाही. ते फक्त कंडोम करतो. म्हणून मुलांनो, इथपर्यंत वाचलं असेल तर बरं केलंत, हे पान तुमचंही आहे. देशपातळीवरच्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या होत्या ०.३ टक्के. गर्भ राहू नये ही जबाबदारी आपण कुणाच्या अंगावर चिकटवली आहे, ते या दोन आकड्यांत दिसतं. मेडिकलमध्ये जाऊन मोठ्याने कंडोम मागणं एवढं तरी तुमच्याकडून व्हावं.

'लग्न झालंय का?'

काउंटरवर किंवा केसपेपरच्या खिडकीत हा प्रश्न येतोच. आशाताईंच्या वहीत 'पात्र जोडपं' असा शब्द आहे. लग्न न झालेली मुलगी त्या वहीत कुठेच बसत नाही. आणि देवगडसारख्या गावात मेडिकलवाले काका बाबांचे मित्र, नर्स काकूच्या शेजारची. म्हणून कणकवलीला जाऊन खरेदी करून येणाऱ्या मुली आहेत. औषध दहा मिनिटांत घ्यायचं आणि त्यासाठी अर्धा दिवस एसटीत घालवायचा.

गर्भनिरोधक वापरायला लग्न झालेलं असलं पाहिजे, असा कुठलाही कायदा नाही. उलट कायदा आपल्या पुढे गेलाय. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला तेव्हा गर्भनिरोधक फसल्याच्या कलमातले 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' हे शब्द जाऊन 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की २० ते २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताचा हक्क अविवाहित स्त्रीलाही आहे. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतात, तिथे हे प्रश्न विचारणं हेच अपेक्षित आहे.

हे सगळं 'हल्लीचं फॅड' म्हणणाऱ्या घरातल्या मोठ्यांसाठी एक नाव पाठ करून ठेवा. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा १८८२ मध्ये कोकणातच, दापोलीजवळच्या मुरुडला जन्मला. गणिताचा प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यात वाचक पत्राने खाजगी प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ मराठीत उत्तरं द्यायचे. या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ च्या त्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. तेव्हाच्या वाचकांनी पोस्टकार्डावर जे विचारलं, तेच आज रात्री अकरानंतर पर्सनलवर येतं.

डॉक्टरकडे जाताना तोंड उघडत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. त्यावर एक साधा उपाय मला एका नर्सताईंनी सांगितला, बोलायचं ते कागदावर लिहून न्या आणि कागदच पुढे करा. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख लिहा. डोकेदुखी कशी होते ते लिहा, डोळ्यांसमोर रेषा येत असतील तर तेही. घरात कुणाला कमी वयात गुठळी, पक्षाघात, हृदयविकार झालाय का ते आईला कुठल्या तरी निमित्ताने विचारून लिहा. रोज एक लक्षात राहतं की आठवड्याला एक, की तीन महिन्यांनी एकदाच सोपं, ते खरं खरं लिहा. मूल कधी हवं आहे का आणि साधारण कधी, तेही. चालू औषधांची नावं आठवत नसतील तर गोळ्यांची रिकामी पाकिटं कंपासपेटीत घालून न्या.